बिननावाची वही आणि अमेरिकेची लांब रायफल



वह्या तपासताना एखादी वही बिननावाची निघतेच. पण आपण अक्षर बघतो आणि लगेच ओळखतो, ही अमक्याची! काना ओढायची पद्धत, 'र'चं शेपूट, खाडाखोड करायची सवय. हात काही लपत नाही. आज ज्या जुन्या वस्तूविषयी सांगणार आहे, तिचे संग्राहक नेमकं हेच काम करतात.

ही वस्तू म्हणजे १८व्या शतकातली, हाताने घडवलेली अमेरिकन लांब रायफल. "बंदूक? आणि प्राथमिकच्या मुलांना?" असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा.

ती लांब का झाली?

१८व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन भाषा बोलणारी अनेक कुटुंबे पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास येऊन वसली. त्यांच्यात बंदुका घडवणारे कारागीरही होते. त्यांच्या मायदेशातली शिकारी रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची असे. इथे मात्र शिकारी दीर्घकाळ जंगलात राहायचा. शिसे आणि दारू पाठीवर वाहायची, म्हणून जपून वापरायची. मग गोळी लहान झाली आणि नळी लांब, अनेकदा ४० इंचांहून जास्त. गरजेप्रमाणे वस्तू कशी बदलते, याचं हे छान उदाहरण आहे.

ही ठासणीची बंदूक. गोळी तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळून तोंडाकडून ठासायची. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. फिरणारा भोवरा उभा राहतो आणि थांबलेला पडतो ना? तसंच इथे. फिरणारी गोळी सरळ जाते.

गंमत म्हणजे घडली बहुतेक पेनसिल्व्हेनियात, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं 'केंटकी रायफल'! १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांवर एक गाणं गाजलं, त्याने हे नाव पक्कं केलं.

लोहार, सुतार आणि कासार

लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती वळवायची, ठोकून जोडायची, की नळी तयार. मग आतल्या खाचा एकेक करून हाताने कोरायच्या. दस्ता लहरीदार रेषांच्या मॅपल लाकडाचा. त्यात पितळी झाकणाची छोटी पेटी, तेलकट कापडाचे तुकडे ठेवायला. शिकाऊ मुलं उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून हे शिकत. अर्थात सगळंच एकटा करी असं नाही. ठिणगी पाडणारा गारगोटीचा खटका पुष्कळदा युरोपातून तयार येई.

नाव नसेल तर ओळखायचं कसं?

लँकेस्टरचा जेकब डिकर्ट नळीवर नाव टाकत असे. ख्रिश्चन अर्टरने नावासोबत वर्षही कोरलेलं आढळतं. पण कितीतरी रायफलींवर काहीच नाही. मग संग्राहक 'अक्षर' बघतात. लँकेस्टरकडचा दस्ता बहुधा सरळ रेषेचा, पितळी पेटीच्या टोकाला फुलाचा आकार. लीहाय खोऱ्याकडचा दस्ता बाकदार. नक्षीचं वळण, पितळेची कापणी, सगळं नाव असलेल्या नमुन्याशी ताडून बघतात. जो किंडिग यांनी १९६० साली अशा रायफलींचा मोठा ग्रंथ काढला, तो अभ्यासक आजही उघडतात.

घासून चकाचक करू नका!

इथेच खरी जोखीम आहे. जुनी रायफल मिळाली की हौसेने लाकूड घासलं, पितळ लखलखीत केलं, की हाताच्या खुणा गेल्या. त्या परत येत नाहीत. १९व्या शतकात अनेक रायफलींचा गारगोटीचा खटका काढून तांब्याच्या टोपीवर चालणारी रचना बसवली गेली. पुढे काहींना पुन्हा 'मूळ' रूप देण्यात आलं. असा बदल सांगून विकला तर ठीक, लपवला तर फसवणूक. किंमत वाढावी म्हणून नाव नंतर कोरल्याचेही प्रकार होतात. म्हणून जाणकार आधी विचारतो, यात मूळचं किती आणि नंतरचं किती?

वर्गात काय करता येईल?

बंदूक दाखवायची गरज नाही. मुलांना घरातली जुनी वस्तू बघायला सांगा: अडकित्ता, पाटा-वरवंटा, आजीची पितळी डबी. कुठे झिजली? कोणत्या हाताने वापरली असेल? दुरुस्ती कुठे झाली? आणि हो, पुसण्याआधी निरीक्षण!

वरच्या वर्गात रायफलचा विषय निघालाच, तर दोन्ही बाजू सांगा. या रायफलीने शिकार केली, घरं जगवली. तिनेच लढायाही झाल्या आणि मूळ रहिवाशांची जमीन गेली. त्या रहिवाशांपैकी अनेकांच्या हातातही हीच रायफल होती. कारागिराचं कौतुक करताना हे वगळलं, तर आपणही वस्तू घासून चकाचक केली असंच होईल, नाही का?

तुमच्या वर्गातल्या मुलांनी कोणती वस्तू आणली, ते जरूर कळवा.