बोट ट्रेलरवर घेताना जोर पाण्याला करू द्या

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे किनाऱ्यावर आवराआवरीचा आठवडा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारी बंदी लागू होते आणि त्याच सुमारास जलक्रीडाही थांबतात. मग तारकर्ली-देवबागपासून तेरेखोल, शापोरा, मांडवी आणि खाली कारवारच्या काळी नदीपर्यंत सगळीकडे एकच लगबग असते. मोठे ट्रॉलर खाडीत नांगर टाकून राहतात, पण आउटबोर्ड इंजिनाची पंधरा-वीस फुटी फायबर बोट घराकडे किंवा शेडमध्ये न्यावीच लागते.

पूर्वी ओंडक्यांवरून पंधरा-वीस माणसे बोट ओढायची. आता तेवढी माणसे जमत नाहीत, म्हणून ट्रेलर आला. ट्रेलर आला तरी सवय मात्र ओढण्याचीच राहिली, आणि बोटी फुटतात, बोटे चेमटतात ती त्यामुळेच. खरे तर बोट ट्रेलरवर चढवायची नसतेच. ट्रेलर पाण्यात न्यायचा, बोट तरंगत त्याच्यावर आणायची आणि मग ट्रेलर वर काढायचा. उचलायचे काम पाणी करते.

आधी भरती बघा

रॅम्पवर ओहोटीला गेलात तर निम्मी लढाई तिथेच हरलात. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. सात मीटरला एक मीटर उतार असलेला रॅम्प धरला तर दोन मीटर म्हणजे रॅम्पची चौदा मीटर लांबी झाली. ओहोटीला हा सगळा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर हिरवे शेवाळ असते. गाडीची चाके त्या शेवाळावर गेली की ब्रेक असून नसल्यासारखा. भरतीला तोच पट्टा पाण्याखाली असतो. ट्रेलर पाण्यात आणि गाडी वरच्या कोरड्या काँक्रीटवर, अशी सोय होते.

वेळेसाठी जुन्या मंडळींचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. मुंबईच्या मानाने गोवा-कारवारकडे ती थोडी अलीकडे येते. हा अंदाज झाला, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. पूर्ण भरतीच्या आसपास पाणी थोडा वेळ स्थिर असते, तीच वेळ गाठावी.

ट्रेलर किती बुडवायचा?

सगळा खेळ इथे आहे. साधारण अंदाज असा: ज्या फळ्यांवर बोट टेकते त्यांचा दोन तृतीयांश भाग पाण्याखाली हवा. यापेक्षा कमी बुडवला तर बोट ओढावी लागते. जास्त बुडवला तर बोट नुसतीच तरंगते, आडवी फिरते आणि वर काढताना एका बाजूला कलून बसते. तसे झाले तर ओढाताण न करता ट्रेलर पुन्हा थोडा खाली सोडावा, बोट तरंगू द्यावी आणि सरळ करावी.

दोन गोष्टी मात्र आधीच करायच्या. लांबून आला असाल तर चाकांचे बेअरिंग थंड होऊ द्या. तापलेले हब एकदम पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. ट्रेलरच्या दिव्यांची वायरही काढून ठेवा. गाडी थांबली की हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकांमागे लाकडी ठोकळे, तिन्ही हवेत. चालकाने काच खाली आणि सीट बेल्ट सोडलेला ठेवावा. गाडी घसरलीच तर बाहेर पडायला वाट हवी.

इंजिनाची रेस नको

नदीच्या मुखाशी पाणी रॅम्पला आडवे वाहते. म्हणून बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाने, अगदी कमी वेगात आणावी. नाक ट्रेलरच्या मधोमध आले की इंजिन बंद करून वर उचलावे.

काही जण मात्र रेस देऊन बोट थेट ट्रेलरवर चढवतात. दिसायला झटपट दिसते, पण पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची वाळू उकरली जाते. तिथे खड्डा पडतो, काँक्रीट अधांतरी राहते आणि पुढच्या माणसाच्या ट्रेलरचे चाक त्यात जाते. रॅम्प गावाचा असतो, एकाच्या घाईची किंमत सगळे मोजतात.

तारेच्या रेषेत कुणी उभे राहू नये

शेवटचे हात-दीड हात अंतर विंचने ओढायचे. पट्टा किंवा तार ताणलेली असताना तिच्या रेषेत, ट्रेलरच्या मागे किंवा गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये कुणीही नको. तार तुटली तर चाबकासारखी येते. विंचचा खटका नीट बसलेला नसताना हँडल सोडले तर ते गरगर उलटे फिरते आणि मनगट मोडू शकते. नाक टेकल्यावर सुरक्षेची साखळी वेगळी लावा, एकट्या विंचवर भरवसा नको.

सुट्टीत बेळगाव-कोल्हापूरकडून आलेले पाहुणे अशा वेळी हौसेने हात लावायला धावतात. मदत मागितली नसेल तर बाजूला उभे राहणे हीच मदत. मुलांना तर रॅम्पवर येऊच देऊ नये.

वर आल्यावर

गाडी सावकाश, न थांबता रॅम्पच्या वर सपाटीवर न्यावी. बोटीत माणूस बसलेला नको. सपाटीवर आल्यावर तळाचे बूच काढून साचलेले पाणी सोडा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन आणि तेही बहुधा मागच्या बाजूला. चाळीस अश्वशक्तीचे इंजिनच सत्तर किलोच्या पुढे असते. मागे भार जास्त झाला की पुढचा आकडा हलका होतो आणि रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार पुढच्या आकड्यावर यायला हवा. मागची बाजू दोन्हीकडून पट्ट्यांनी आवळून बांधावी. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरायचा असेल तर खालचा गिअर धरावा.

घरी पोचल्यावर ट्रेलर, ब्रेक आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवा आणि बेअरिंगला नवे ग्रीस भरा. पावसाळाभर उभा राहिलेला ट्रेलर ऑगस्टमध्ये पुन्हा पाण्याकडे न्यायचा असतो. तेव्हा चाक जाम निघाले तर हंगामाचे पहिले दिवस गॅरेजमध्ये जातात.