डीबगर आणि रजिस्टरांचा क्रम

आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या साधनास डीबगर म्हणतात. चालू आज्ञावली थांबवून प्रोसेसरच्या रजिस्टरांतील मूल्ये तो दाखवतो. रजिस्टरांची मांडणी प्रत्येक प्रोसेसरची निराळी असल्याने ही जुळवणी स्वतंत्रपणे करावी लागते.

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ व पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह रचनेवर आधारलेले आहेत. या रचनेत एक्स-० ते एक्स-३१ अशी ३२ पूर्णांक रजिस्टरे असतात. एक्स-० चे मूल्य सदैव शून्य असते. म्हणून लिनक्स ते कळवतच नाही. ‘पीट्रेस’द्वारे मागणी होताच पहिल्या घरात पीसी, म्हणजे आज्ञेचा पत्ता, आणि पुढील ३१ घरांत एक्स-१ पासूनची मूल्ये मिळतात. जीडीबी या डीबगरमध्ये मात्र एक्स-० चा क्रमांक ० व पीसीचा ३२ आहे. हा फरक सांभाळणारी, रिस्क-फाइव्ह लिनक्सवर थेट चालणारी सोय जीडीबीच्या ८.३ आवृत्तीत २०१९ साली आली.

क्रम जुळला नाही तर पीसीचे मूल्य एक्स-० च्या नावावर दिसेल. आकडे मात्र खरेच वाटतील. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम एक्स-० पाहावे. तेथे शून्य नसेल, तर दोष आज्ञावलीत शोधण्यापूर्वी डीबगरची जुळवणी तपासणे इष्ट ठरते.