मोनेची ट्यूब, निर्मलचा ड्युको

आदिलाबादेतून हैदराबादला गेलेली सहल सालारजंग म्युझियममध्ये शिरली की संगीत-घड्याळापाशी गर्दी होते, आणि मग बुरख्यातल्या रिबेकापाशी. आख्खा बुरखा संगमरवराचा, तरी आतला चेहरा दिसतो! बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराचे हे काम पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये युरोपच्या दौऱ्यात खरेदी केले. युरोपची खरी कला म्हणजे हीच, असे मनाशी धरून मुले परततात. पुढे अभ्यासक्रमात मोने आणि पिकासो आले की हे लोक फार नंतरचे, आणि बहुधा हात न बसलेले, असा ग्रह होतो.

'नंतरचे' हा गैरसमज सनावळी पाहिली तरी जातो. पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १८७४ मध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरले. दुसरे भरले १८७६ मध्ये, म्हणजे रिबेकाची खरेदी झाली त्याच वर्षी. मोने, रेन्वार, देगा, बेर्त मोरिसो अशा मंडळींची चित्रे तिथे लागली होती. हैदराबादच्या दिवाणांनी, म्हणजे सालारजंगांनी, संगमरवर पसंत केला यात नवल काहीच नाही. पॅरिसमधल्या बहुतेक पैसेवाल्यांची आवडही तीच होती.

'हे तर आमचं पोरगंही काढेल' हा दुसरा शेरा. पण देगा पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत शिकला आणि लूव्ह्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करत बसला. पिकासोने १८९७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, 'विज्ञान आणि करुणा' हे मोठे चित्र रंगवले: खाटेवर आजारी बाई, एका बाजूला नाडी पाहणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कडेवर मूल घेतलेली नन. डॉक्टर म्हणून समोर बसले होते पिकासोचे वडील, आणि तेही चित्रकलेचे शिक्षक. त्या चादरीच्या घड्या पाहून कुठलाही परीक्षक पैकीच्या पैकी गुण देईल. मोंद्रियानच्या चौकटी पाहून हसणाऱ्यांनी त्याची १९०८ ते १९१२ या काळातली झाडे ओळीने लावून पाहावीत. आधी लालबुंद फांद्यांचे खरेखुरे झाड, मग राखाडी रेषांचे जाळे, मग नुसत्या कमानी. झाड सुटते ते टप्प्याटप्प्याने.

भारतात ही आधुनिक कला स्वातंत्र्यानंतर आली, असे स्पर्धा परीक्षेच्या तयारीतही ऐकू येते. पण डिसेंबर १९२२ मध्येच कलकत्त्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या शिक्षकांची चित्रे लागली, त्यांत क्ले आणि कांदिन्स्की होते. शेजारीच भारतीय चित्रकारांची कामे होती, आणि गगनेंद्रनाथ ठाकूर तेव्हा घनवादाशी स्वतःच्या पद्धतीने खेळत होते. आदिलाबादला तेव्हा खेटून असलेल्या करीमनगर जिल्ह्यातले पी. टी. रेड्डी १९३० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकत होते. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जमला, त्यात पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते, अमरावतीकडचे गाडे होते आणि सिकंदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणीच मुंबईला पळून आलेले, घरकाम करून वाढलेले आरा. मराठी आणि तेलंगी मुलखाचा या चळवळीतला वाटा पाठ्यपुस्तकात जेमतेम ओळभर असतो, हे खटकतेच.

आणखी एक समजूत जरा सुशिक्षित आहे. पिकासोने १९०७ मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले, हे खरे. त्यावरून आदिवासी कला म्हणजे आधुनिक कलेचा कच्चा, भाबडा माल, असे ठरवून टाकले जाते. असे मानणाऱ्यांनी उशेगावला जाऊन यावे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले हे गाव आता कुमुरम भीम जिल्ह्यात मोडते. इथले वोज समाजाचे कारागीर आधी मातीचा गाभा घडवतात, त्यावर मेणाच्या बारीक तारा वेढून नक्षी उठवतात, वरून वारुळाच्या मातीचा लेप देतात आणि भट्टीत मेण वितळवून रिकाम्या जागेत पितळ ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, त्यामुळे हुबेहूब जोडी मिळणे अशक्य. लेपात कुठे भेग राहिली तर सारी मेहनत भट्टीत जाते. मोहेंजोदारोची नर्तकीही मेण वितळवण्याच्या रीतीनेच ओतलेली आहे. २०१८ मध्ये आदिलाबादच्या या ओतकामाला, म्हणजे ढोकऱ्याला, भौगोलिक मानांकन मिळाले. यात भाबडे काय आहे?

सर्वांत चिवट गैरसमज मात्र सामानाबद्दलचा आहे: आधुनिक चित्रे बंडखोर डोक्यांतून निघाली आणि आपल्याकडची कारागिरी युगानुयुगे जशीच्या तशी राहिली. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवीला एकदा भोक पाडले की रंग फार दिवस टिकत नसे. ट्यूब खिशात आली, रेल्वेने शहराबाहेर जाता येऊ लागले, आणि उघड्यावर बसून ऊन रंगवणे सोपे झाले. बंड होतेच, पण त्याला झाकण लावलेली ट्यूब लागली.

आता निर्मलकडे पाहू. २०१६ पर्यंत हे गावही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. खेळणी पोनिकीच्या मऊ, हलक्या लाकडाची. सांधे भरायला चिंचोक्याच्या खळीत कालवलेला लाकडाचा भुसा. ही रीत जुनीच. पण त्या गुळगुळीत आंब्या-सीताफळांवरचा आणि काळ्या जमिनीवर सोनेरी आकृती उठवणाऱ्या फळ्यांवरचा चकचकीत रंग आज बहुधा ड्युको असतो. ड्युपाँ कंपनीने तो १९२३ मध्ये मोटारगाड्यांसाठी बाजारात आणला. गाडी रंगवून वाळायला जिथे आठवडे जात, तिथे काम तासांवर आले. मेक्सिकोचा चित्रकार सिकेरोस याला तो इतका भावला की १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत त्याने हाच रंग ओतून, शिंपडून पाहिला. त्या कार्यशाळेत जॅक्सन पोलॉक नावाचा तरुण चित्रकारही हाताखाली होता.