सात भागिले दोन किती?

मित्रांनो, तुम्ही गोखिवऱ्यात राहत असा की गोंदियात, संगणकाला ७/२ विचारून पाहा. ‘पायथन २’ म्हणेल ३. २००८ साली आलेला ‘पायथन ३’ म्हणेल ३.५! जुना पायथन पूर्णांकांचा भागाकार लगतच्या लहान पूर्णांकावर उतरवतो. संशोधकाची जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीवर चालवली, तर उत्तर गुपचूप बदलू शकते.

यावर तोडगा ‘कॉन्डा’ (धान्याचा कोंडा नव्हे!). ‘मिनीफोर्ज’ हा विनामूल्य संच बसवला की ते मिळते. एकाच संगणकात प्रत्येक कामाला ते स्वतंत्र दालन देते. आत सारे ठरावीक आवृत्तीचे. दालनाची यादी दुसरीकडे धाडली, की तेथेही तसेच दालन उभे राहते. पुण्याच्या ‘आयुका’चे शास्त्रज्ञ ज्यात सहभागी आहेत, त्या ‘लायगो’ प्रकल्पात गुरुत्वीय लहरींच्या गणितांसाठी अशी दालने वापरतात.

बरे, जुना पायथन −७/२ चे उत्तर काय देईल?