उजवा पाय आणि मागे न घेतलेला हात

विमान कशानं चालवतात, असं कुणाला विचारलं तर बहुतेक जण हवेत स्टिअरिंग फिरवल्याची खूण करतात. माझीही समजूत फारशी वेगळी नव्हती. 1993 सालच्या डिसेंबरातल्या एका सकाळी, धावपट्टीवरच्या अवघ्या काही सेकंदांत, ती कायमची पुसली गेली.

तेव्हा मी एका फ्लाइंग क्लबात शिकत होतो. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं होतं, आईच्या पाटल्या बँकेत गहाण होत्या. विमान होतं सेस्ना 152. दोन माणसं जेमतेम खांद्याला खांदा लावून बसतील एवढं, 110 अश्वशक्तीचं. त्या दिवशी शेजारची जागा रिकामी होती. एकट्यानं उडण्याची माझी ती तिसरी खेप.

अशा विमानाला पूर्ण ताकद दिली की त्याचं नाक आपसूक डावीकडे वळू पाहतं. आतून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्यानं मागे फेकलेली हवा विमानाभोवती पिळा घालत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्याला डावीकडून ढकलते. शिवाय पंख्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया म्हणून डाव्या चाकावर जास्त भार येतो. उपाय एकच, उजव्या पायानं पेडल दाबून विमान सरळ ठेवायचं. जमिनीवर विमान वळतं ते पायांनी; हातातलं चाक पंख कलवण्यासाठी. हे सारं मला तोंडपाठ होतं!

त्या सकाळी वाराही डावीकडून होता. भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो, तसं विमानही करू पाहतं. मी मूठ पुढे दाबून थ्रॉटल पूर्ण उघडला आणि नजर वेगाच्या काट्याला चिकटवली. 50 नॉट झाले की नाक उचलायचं. काटा 35 वर असताना समोर पाहिलं, तर मधली पांढरी रेघ उजवीकडे सरकलेली.

आणि मी काय केलं? मोटार चालवावी तसं हातातलं चाक गर्रकन उजवीकडे फिरवलं. खरं तर ते वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडे हवं होतं. डावा पंख उचलला गेला, नाक आणखीच डावीकडे ओढलं गेलं. घाबरून उजवं पेडल ताकदीनिशी दाबलं. ब्रेक पेडलच्या वरच्या भागात असतो. पाऊल वर चढलेलं असल्यानं तोही लागला. विमान हिसक्यानं उजवीकडे गेलं, मग पुन्हा डावीकडे. कडेचा दिवा पंखाखालून गेला, तेव्हा कुठे मूठ मागे ओढली. गवतातून खडखडत विमान थांबलं. आठ-दहा पावलांवर पावसाच्या पाण्याचा चर होता.

आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले. आता काय काय ऐकून घ्यावं लागेल, या विचारानं मी खाली उतरलो. ते एवढंच म्हणाले, "लागलं नाही ना? चल." धावपट्टीवरच्या धुळीत चाकांच्या खुणा उमटल्या होत्या. आधी हलकासा बाक, मग नागमोडी रेघा. बाकापाशी ते थांबले.

"इथे थ्रॉटल बंद केला असतास तर?"

"धावपट्टीवरच थांबलो असतो, सर."

"मग का नाही केलास?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. उड्डाण सोडलं असतं तर मीटरवरची मिनिटं फुकट गेली असती. हँगरपाशी उभी मुलं हसली असती. एकदा जमीन सुटली की सगळं सरळ होईल, असंही वाटलं होतं. मी हे जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "हे कारण कुणी लॉगबुकात लिहीत नाही. पण विमानं यानंच मोडतात."

पुढचे तीन दिवस त्यांनी मला नुसतं जमिनीवर फिरवलं. हात मांडीवर, टाचा खाली, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे. नजर दूर असली की पहिला बाक लगेच कळतो, आणि तेव्हा पायाचा हलका दाबही पुरतो.

त्या रात्री, दर उतरल्यावर, एस.टी.डी. बूथवरून घरी फोन केला होता. बाबांना सगळं सांगितलं, वाया गेलेल्या मिनिटांसकट. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "पैशांचं मी बघतो. तू थांबायचं तेव्हा थांबत जा."

त्यानंतर कितीदा तरी उडालो. आजही धावपट्टीच्या टोकाशी उभा राहिलो की उजवा पाय आधी जागा होतो, आणि मग बाबांचं ते वाक्य.