पिंपळनेरवरून जाणारी सुरतेची वाट

मंडळी, सुरुवात एका हिऱ्याच्या व्यापाऱ्यापासून करतो. तावेर्निए हा फ्रेंच माणूस सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. 1676 मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात सुरत ते गोवळकोंडा या वाटेवरच्या मुक्कामांची यादी आहे. बार्डोलीच्या बाजूनं तो नवापूरला येतो, तिथल्या कस्तुरीच्या वासाच्या बारीक तांदळाचं कौतुक करतो. पुढं एक मुक्काम, आणि मग नाव येतं, ‘पिपेलनार’. तेच आपलं पिंपळनेर. तिथून वाट दौलताबाद, औरंगाबादकडे उतरते.

म्हणजे सुरतेच्या बंदरातून दख्खनेत जाणारा माणूस आपल्या गावात थांबत होता. आज मात्र आपण ‘आमच्याकडे रेल्वे नाही, गाव आडबाजूला’ असं सहज म्हणतो. हे गाव आडबाजूला पडलं कसं, तेवढंच आज सांगायचं आहे.

या वाटेवर माल जायचा बैलांच्या पाठीवर. गाडीपेक्षा पाठ बरी, कारण घाटात चाक अडतं, बैल अडत नाही. तावेर्निए बंजाऱ्यांच्या तांड्यांचं वर्णन करतो : एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल, धान्य, तांदूळ, डाळी, मीठ. एका बैलावर साधारण दीडशे किलो ओझं. हिशेब करून पाहा. दहा हजार बैल म्हणजे पंधराशे टन. दहा टनांचे दीडशे ट्रक एकामागं एक उभे करा! अरुंद जागी असा तांडा समोर आला की प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावं लागे.

एवढ्या जनावरांना रोज दोन गोष्टी लागतात, पाणी आणि चारा. पांझरेच्या काठी दोन्ही मिळत होतं. शिवाय गावाच्या दक्षिणेला शेलबारीचा घाट, पलीकडं ताहाराबाद, मुल्हेर, साल्हेर. 1670 मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज परतले ते या बागलाणातूनच. डोंगरातल्या अशा वाटांवर ज्याचा किल्ला, त्याचा वचक.

(श्रोत्यांतून प्रश्न : पांझरेच्या पाटांतून होड्या चालत होत्या का?)

नाही हो. आपले पाट फडाच्या शेतीसाठी. बंधारा घालून पाणी वळवायचं, फडात ज्याच्या त्याच्या पाळीनं द्यायचं, पाटकऱ्यानं लक्ष ठेवायचं. पाट अरुंद, आणि नदीत तर जागोजाग बंधारे. होडी जाणार कुठून? आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरचा मात्र आग्रह होता की हिंदुस्थानात रेल्वेपेक्षा जलवाहतुकीचे कालवे काढा. सपाट किनाऱ्यावर ते जमलं असतं, पांझरेवर नाही.

आता रेल्वेकडे येऊ. रेल्वेचं इंजिन बैलासारखं नाही, त्याला चढ सोसत नाही. मुंबईहून वर येताना कसाऱ्याच्या थळ घाटात 37 फुटांना एक फूट चढ ठेवला, तोसुद्धा फार मेहनतीनं. 1865 मध्ये तो घाट खुला झाला. एवढा खर्च करून घाट एकदाच चढायचा, आणि मग चाळीसगाव, भुसावळ अशा सपाटीनं कापसाच्या मुलखात शिरायचं, असा सरळ विचार. पुढं 1900 च्या सुमारास तापी खोऱ्याची लाइन सुरतेहून नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत आली. त्याच सुमारास धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला. एक लाइन आपल्या उत्तरेनं, दुसरी दक्षिण-पूर्वेनं. डोंगराच्या कोपऱ्यातलं पिंपळनेर दोन्हींच्या मधे कोरडं राहिलं.

गंमत बघा, तावेर्निएच्या यादीत नवापूर आणि पिंपळनेर यांच्यामधे एकच मुक्काम आहे. नवापूरला स्टेशन आलं, पिंपळनेरला नाही. कोणी मुद्दाम डावललं असं मला वाटत नाही. तापीचं खोरं रुळांना सोयीचं होतं, इतकंच. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेर नावाचा तालुका आहे. आज तालुका साक्री.

2024 मध्ये केंद्र सरकारनं 309 किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली. तोही धुळ्यावरून जाणार. तेव्हा आपल्याला आधी धुळ्याची एस.टी. धरावी लागणारच. मात्र सुरतेला जायचं असेल तर नवापूरच्या बाजूनं उतरा, आणि घाटात गाडी हळू झाली की बाहेर बघा. ओझं लादलेले बैल याच डोंगरांतून वर चढत होते.