‘माल मिळाला’ अशी सही करण्यापूर्वी

आषाढातील एका पहाटे भिवंडीहून निघालेला कापडाचा ट्रक कोल्हापुरात आमच्या गोदामासमोर येऊन उभा राहिला. सातारा-कऱ्हाडच्या टप्प्यात रात्रभर पाऊस कोसळत होता आणि आमच्या दारातही सरी थांबलेल्या नव्हत्या. हमालांनी 40 गाठी उतरवल्या. दिवाणजींनी त्या मोजल्या, नग बरोबर भरले आणि त्यांनी बिल्टीच्या पोचेवर ‘माल मिळाला’ असे लिहून सही केली. ड्रायव्हरला पुढे सांगलीला जायचे होते. तो निघून गेला. गोण्या बाहेरून ओल्या होत्या खऱ्या, पण पावसात उतरवलेल्या मालाचे त्यात नवल ते काय, असेच सर्वांना वाटले.

दुपारी पहिली गाठ फोडली तेव्हा आतील तागे पिळून काढावेत इतके भिजलेले निघाले. ताडपत्री फाटून ट्रकच्या तळाशी पाणी साचले होते आणि खालच्या थरातील 11 गाठी रात्रभर त्या पाण्यात होत्या. सव्वाचार लाखांचा माल! विमा होता, म्हणून धीर होता. पुढे भिजलेल्या कापडाची विक्री वजा जाता नुकसान 2 लाख 80 हजार ठरले. परंतु हाती आले 2 लाख 10 हजार. उरलेले 70 हजार का कापले, याचे कारण कंपनीच्या पत्रात एका वाक्यात होते: आपण वाहतूकदारास कोणत्याही शेऱ्याविना पोच दिली आहे.

एका सहीची ही किंमत आमच्या पेढीने मोजली. ती इतरांना मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

सहीचा आणि विम्याचा संबंध

विम्याचे पैसे आपल्याला मिळाले म्हणजे प्रकरण संपले, असे आपण समजतो. कायद्याच्या दृष्टीने ते तेथे संपत नाही. नुकसानीची भरपाई केल्यावर विमा कंपनी आपल्या जागी उभी राहते आणि ज्याच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले त्याच्याकडून वसुली करण्याचा आपला हक्क तिच्याकडे जातो. 1963 च्या सागरी विमा कायद्यात ही तरतूद आहे. नावात सागर असला तरी रस्त्याने जाणाऱ्या मालाचा विमाही व्यवहारात याच शाखेत मोडतो. आता आपणच जर वाहतूकदाराला निर्वेध पोच दिली, तर तो कंपनीला म्हणणार, ‘माल सुस्थितीत पोचवल्याची ही सही पाहा.’ आपण बुडवलेल्या वसुलीचा भार मग कंपनी आपल्याच दाव्यावर टाकते.

म्हणून पोचेवर नेमका शेरा हवा. ‘तपासणीच्या अधीन राहून’ असा नुसता ठोकळेबाज शिक्का पुरेसा नाही. ‘ताडपत्री फाटलेली, तळाच्या 11 गाठी ओल्या, गाठ क्रमांक अमुक ते अमुक’ असे लिहून तारीख, वेळ आणि ड्रायव्हरची सही घ्यावी. तो सही करण्यास नकार देत असेल तर तसेही नोंदवावे. ट्रकचा क्रमांक, फाटलेली ताडपत्री आणि ट्रकमध्ये असतानाच ओला माल, यांची छायाचित्रे माल उतरवण्याआधी काढावीत.

दुसरी गोष्ट वाहतूकदाराला लेखी नोटीस देण्याची. 2007 च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार माल नोंदवल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत ही नोटीस दिली नाही, तर त्याच्यावर दावाच लावता येत नाही. मुदत माल पोचल्यापासून नव्हे, नोंदवल्यापासून मोजायची, हे ध्यानात ठेवावे. विम्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. पहिल्या आठवड्यातच स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून तिची प्रत विमा कंपनीला द्यावी. आमची नोटीस वेळेत गेली होती, म्हणूनच कपात एक चतुर्थांशावर थांबली.

पॉलिसीत काय लिहिले आहे?

पुष्कळ पेढ्यांत पॉलिसी तिजोरीत असते आणि ती प्रथम वाचली जाते ती नुकसान झाल्यावर. देशांतर्गत मालवाहतुकीच्या विम्याचे तीन प्रकार आहेत, आणि त्यांतील फरक मोठा आहे. ‘क’ प्रकारात आग आणि वीज एवढेच येते. ‘ब’ प्रकारात त्याशिवाय वाहनाची टक्कर, वाहन उलटणे, पूल कोसळणे अशी नावे घेऊन सांगितलेली संकटे येतात. ट्रक उलटला नाही, धडकला नाही, केवळ पावसाने माल भिजला, तर ‘ब’ पॉलिसीवर काहीही मिळत नाही. पावसाच्या पाण्याला सामान्यतः संरक्षण मिळते ते ‘अ’ प्रकारात. हप्त्यात थोडी बचत म्हणून ‘ब’ घेणाऱ्या कापड, धान्य वा साखर व्यापाऱ्याने पावसाळ्यापूर्वी याचा एकदा विचार करावा.

‘अ’ प्रकार झाला तरी सारेच त्यात येत नाही. अपुरे वेष्टन, मालाचा अंगभूत दोष, नेहमीची वजनातील घट आणि उशिरामुळे झालेले नुकसान यांची भरपाई मिळत नाही. माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून ठेवण्याची सवयही घातक आहे: रस्त्याने आलेल्या मालाचे संरक्षण, वाहन मुक्कामाच्या गावी पोचल्यापासून सात दिवसांनी संपते, मग माल आपण उचललेला असो वा नसो.

वर्षभराची ओपन पॉलिसी असणाऱ्यांनी प्रत्येक खेप कंपनीला कळवली पाहिजे. धोक्याच्या वाटेवरील खेपा तेवढ्या कळवायच्या आणि जवळच्या वगळायच्या, हा ‘शहाणपणा’ दाव्याच्या वेळी वह्या तपासल्या जातात तेव्हा उघडा पडतो.

‘वाहतूकदार भरून देईल’ या भरवशावर विमाच न घेणारेही आहेत. जास्त मूल्य जाहीर करून जास्त दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित असते. 40 गाठींचे भाडे किती आणि कापडाची किंमत किती, याचे गणित प्रत्येकाने आपल्या मनाशी करावे.

सर्व्हेअर येण्यापूर्वी आणि नंतर

नुकसान लक्षात येताच, त्याच दिवशी, कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही करावे. सर्व्हेअर येईपर्यंत मालाला हात लावू नये, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. विमा नसता तर माल वाचवण्यासाठी आपण जे केले असते, तेच विमा असतानाही करणे हे कायद्याने आपले कर्तव्य आहे. ओल्या गाठी सुक्यांपासून वेगळ्या कराव्यात, तागे उलगडून वाळत घालावेत. बुरशी चढू दिलेल्या कापडाची भरपाई मागणे कठीण जाते. मात्र काहीही विकू वा फेकू नये, आणि प्रत्येक पायरीची छायाचित्रे ठेवावीत.

बीजक, बिल्टी, ई-वे बिल, गाठवार यादी, शेऱ्यासह पोच आणि वाहतूकदाराला दिलेली नोटीस, हे सर्व एका फाइलीत असावे. भिजलेला माल विकायचा झाल्यास सर्व्हेअरच्या संमतीने दोन-तीन लेखी भाव मागवून विकावा. माल पूर्ण नष्ट झाला असेल तर त्यावरील जीएसटीचे क्रेडिट परत करावे लागते; म्हणून दाव्याची रक्कम लिहिण्यापूर्वी कर-सल्लागाराशी बोलावे.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या गोदामात मागील वर्षी छपराच्या गळतीने डागाळलेल्या दोन गाठी पडून होत्या. ‘सर्व्हेअर येतोच आहे, याही त्यांतच मांडू,’ असे कोणीतरी सुचवले. आण्णा शांतपणे म्हणाले, “अकराच्या तेरा केल्या की अकराही खोट्या ठरतात.” दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरने प्रत्येक गाठीचा क्रमांक यादीशी ताडून पाहिला. विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे. त्यात एक खोटी नोंद सापडली तर कंपनी संपूर्ण दावा नाकारू शकते.

दावा नाकारला तर

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. तो अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली एका ट्रक अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत आहे, शुल्क नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत. मात्र व्यापाऱ्यांपैकी एकट्याच्या मालकीच्या पेढ्या आणि सूक्ष्म उद्योग यांनाच हे दार उघडे आहे. मोठ्या भागीदारी पेढ्यांनी व कंपन्यांनी ग्राहक आयोगाकडे जावे. व्यापारी संस्थेने घेतलेला विमा हा नफ्यासाठी नसून नुकसान भरून काढण्यासाठी असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली म्हटल्याने तो मार्ग अधिक मोकळा झाला आहे. तेथे मुदत दोन वर्षांची आहे.

आमच्या 70 हजारांसाठी आम्ही कोणाकडेही गेलो नाही. चूक आमची होती, आणि आण्णांनी ती रक्कम खतावणीत नुकसानखाती लिहून टाकली. दिवाणजींना कोणी बोलले नाही. पण आता ट्रक आला की किती का पाऊस असेना, ते छत्री घेऊन स्वतः ट्रकच्या फाळक्याशी जातात, तळाच्या गाठीला हात लावून पाहतात, आणि मगच खिशातील पेन काढतात.